आईचा रिपोर्ट आलाय, निम्म्या ओळी लाल. आज काय बघायचं आणि सोमवारपर्यंत काय थांबेल?

आबोली (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. आईचं (वय ६१) सोसायटीतल्या कॅम्पमधे फुल बॉडी चेकअप केलं. तशी तक्रार काही नव्हती, जिने चढताना दम लागतो आणि लवकर थकते एवढंच म्हणत होती. आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली, चौदा पानं आणि निम्म्या ओळी जाड लाल अक्षरात. आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. लॅबच्या नंबरवर फोन केला तर "रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा" एवढंच उत्तर.

लाल आलेले आकडे: पोटॅशियम ५.९ (रेंज ३.५ ते ५.१), टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) ५.८, एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी) ६.२, हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ७१, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातला फरक) १८, व्हिटॅमिन डी १४, ट्रायग्लिसराईड १८५. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) ०.८ आहे, ते काळ्या अक्षरात आहे म्हणजे ठीक असावं. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे, शुगर कधी नव्हती.

गूगल केलं तर पोटॅशियमखाली थेट हार्ट बंद पडण्याबद्दल लिहिलंय, झोप उडालीये. आत्ता काय करू? आणि एकूणच हे रिपोर्ट वाचायचे कसे हे कुणी नीट सांगेल का, म्हणजे माझ्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मायक्रोस्कोप

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट न बघता इथून निदान करणार नाही, पण कुठलं आधी बघायचं ते नक्की सांगू शकतो.

आधी पोटॅशियम, आणि ते आजच. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर रक्तद्रवात अगदी थोडं. रक्त काढताना किंवा नंतर ट्यूबमधे लाल पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि मशीन तेच मोजतं. रबरी पट्टा बराच वेळ बांधून ठेवला, शीर सापडेना म्हणून पेशंटला मूठ उघडझाप करायला लावली, बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं, यातलं काहीही झालं तरी आकडा खोटा वाढू शकतो. कॅम्पमधे आणखी एक भानगड असते, सकाळी सातपासून घेतलेल्या ट्यूब दुपारी एकत्र लॅबला जातात आणि सिरम (पेशींवरचा द्रव) वेगळं करायला उशीर होतो. रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात "हिमोलाईज्ड सॅम्पल" (म्हणजे पेशी फुटलेलं रक्त) असं काही लिहिलंय का ते बघा.

क्रिएटिनिन चांगलं आहे, म्हणजे किडनी पोटॅशियम बाहेर टाकत असावी, त्यामुळे आकडा खोटा असण्याची शक्यता बरीच आहे. पण टेल्मिसार्टनने पोटॅशियम खरोखरही वाढतं, म्हणून खोटंच असेल असं धरून सोमवारपर्यंत बसू नका. आईंना आत्ता छातीत धडधड, पायात एकदम अशक्तपणा, चक्कर असं काही असेल तर आज रात्रीच कॅज्युअल्टीत न्या, तिथे ईसीजी काढतील. तसं काहीच नसेल तर उद्या सकाळी एखाद्या हॉस्पिटलच्या लॅबमधे फक्त पोटॅशियम परत करा, जिथे रक्त काढतात तिथेच तपासतात अशी लॅब बघा. रक्त काढताना मूठ सैल ठेवायची. आणि एक विचारतो, घरात कमी सोडियमचं मीठ वापरता का? त्यात सोडियम काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं.

आबोली

धन्यवाद डॉक्टर, खूप धीर आला. धडधड वगैरे काही नाही, जेवून झोपलीये. रिपोर्टखाली हिमोलिसिसचं काही लिहिलेलं नाही. आणि हो!! बीपीसाठी चांगलं म्हणून वहिनीने तेच मीठ आणलंय दोन महिन्यांपूर्वी. उद्या सकाळी पहिलं काम टेस्ट आणि मीठ बदलणं.

रानजाई

अगं मीठ आधी बदल. माझ्या सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, त्यांच्या डॉक्टरांनी ते मीठ घरात सुद्धा ठेवू नका म्हणून सांगितलंय. दुकानात त्यावर "हृदयासाठी चांगलं" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक सरळ घेतात, बीपीच्या गोळीबरोबर त्याचं जमत नाही हे सांगतं कोण.

धुळेकर

संख्याशास्त्र शिकवतो म्हणून जाड अक्षरांबद्दल थोडं लिहितो. रेंज कशी ठरवतात? निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधले ९५ टक्के जिथे बसतात ती रेंज धरतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांपैकी शंभरात पाच जण त्या टेस्टमधे रेंजच्या बाहेर पडणारच, व्याख्याच तशी आहे. आता समजा एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एका निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजमधे "८० टेस्ट" म्हणून जे विकतात त्यात सीबीसीचेच (रक्तपेशींच्या मोजणीचे) वीस-बावीस आकडे वेगवेगळे मोजलेले असतात, वर कोलेस्टेरॉलची तीन-चार गुणोत्तरं असतात जी मशीन नुसतं भागाकार करून देतं. इतके आकडे छापले की लाल काहीतरी येणारच.

सगळ्याच रेंज अशा नसतात हेही सांगायला हवं. शुगर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी यांच्या रेषा "पुढे आजाराचा धोका किती" यावरून ठरवल्यात, लोकांच्या सरासरीवरून नाही. त्यामुळे एकाच पानावर दोन वेगळ्या अर्थाच्या रेंज शेजारी शेजारी असतात आणि रिपोर्टवर दोन्हींना तोच लाल रंग.

ताकभात

मग टेस्ट करायच्याच कशाला? माझं तर मत झालंय की हे सगळं लोकांना घाबरवून पैसे काढायचं काम आहे. आमच्या ऑफिसमधे एका बाईंच्या पॅकेजमधे सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडली जाणारी रक्ताची टेस्ट) होतं, ते वाढलेलं आलं, आता कॅन्सर म्हणून महिनाभर घरात सगळे रडत होते, सोनोग्राफीत निघाल्या फायब्रॉईडच्या गाठी.

खेड्यातला डॉक्टर

ताकभात, तुमचा राग पटतो. सीए-१२५ फायब्रॉईडने वाढतं, एन्डोमेट्रिओसिसने वाढतं, पाळीच्या दिवसांत सुद्धा वाढतं. तक्रार नसलेल्या बाईत कॅन्सर शोधण्यासाठी ती टेस्ट नाहीच, पॅकेजमधे घालायचं काही कारण नाही. पण म्हणून टेस्टच नकोत असं नाही हो. टेस्टच्या आधी प्रश्न पाहिजे. पेशंट समोर बसलाय, मी त्याचं ऐकलं, पोट तपासलं, आता मला दोन-तीन शक्यतांमधे निवड करायचीय, तेव्हा ती टेस्ट मला काहीतरी सांगते. प्रश्नच नसेल तर उत्तराचा अर्थ कसा लावणार.

पावसाळ्यातलं रोजचं उदाहरण देतो कारण याने खूप नुकसान होतं. दोन दिवस ताप आला की लोक स्वतःच लॅबमधे जाऊन विडाल करून घेतात आणि कागद घेऊन येतात, "डॉक्टर टायफॉईड निघाला". विडाल ही टायफॉईडचा जंतू बघत नाही, शरीराने केलेली अँटिबॉडी बघते. ती पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा तयारच नसते. उलट पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच कुठला ताप असेल तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्या भागात एकट्या विडालवर अँटिबायोटिक सुरू करणं मला पटत नाही. टायफॉईडची खरी शंका असेल तर ब्लड कल्चर, पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी. लोकांना कल्चर नको असतं कारण रिपोर्टला दिवस लागतात आणि विडाल तासाभरात मिळते.

डेंग्यूचंही तसंच. तापाच्या पहिल्या साधारण पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचाच अंश शोधणारी टेस्ट) उपयोगी, आयजीएम (अँटिबॉडीची टेस्ट) पाचव्या दिवसाच्या आसपासपासून. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम केली, निगेटिव्ह आली, म्हणून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. लॅबमधे गेलात की ताप कितवा दिवस ते सांगा आणि कागदावर लिहून घ्या.

सह्यभटका

डेंग्यूवरून आठवलं, प्लेटलेटबद्दल कुणीतरी लिहा प्लीज. गेल्या पावसाळ्यात भावाच्या प्लेटलेट ३८ हजार आल्या, सगळे नातेवाईक डोनर शोधायला पळाले, संध्याकाळी दुसऱ्या लॅबमधे १ लाख ६० हजार. एका दिवसात एवढा फरक कसा?

मायक्रोस्कोप

काही माणसांच्या प्लेटलेट जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. मशीन पेशी आकारावरून ओळखतं, चिकटलेला गठ्ठा त्याला प्लेटलेट वाटतच नाही आणि आकडा कोसळतो. म्हणून कमी प्लेटलेट आल्या की काचपट्टीवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं गरजेचं आहे. गठ्ठे दिसले तर निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमधे परत मोजायचं. तुम्ही लॅबला विचारू शकता, "स्मिअर बघितला का?" चांगल्या लॅबला हा प्रश्न आवडतो. भावाचं नक्की हेच होतं का ते मी सांगू शकत नाही, पण एकाच दिवसात इतकी उडी असेल तर ही पहिली शंका.

आणि खऱ्या डेंग्यूत सुद्धा एकट्या प्लेटलेटवर नजर लावून बसू नका. ताप उतरतानाचे दिवस जास्त जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं आणि सीबीसीत पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा वाटा) चढत जाणं, यासाठी हॉस्पिटल गाठायचं.

ट्यूबवरून आणखी एक. शुगरची ट्यूब करड्या टोपीची असते, त्यात फ्लोराईड असतं. साध्या ट्यूबमधे रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी शुगर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के आकडा कमी होत जातो. घरी येऊन सॅम्पल नेणारा मुलगा शुगरसाठी वेगळी ट्यूब घेतोय ना आणि तुमच्यासमोर ट्यूबवर नाव लिहितोय ना, हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

आबोली (रविवार, दुपारी १२.१५)

पोटॅशियम ४.८!! हॉस्पिटलच्या लॅबमधे केलं, तासाभरात रिपोर्ट दिला. तिथल्या मॅडमनी पट्टा सैल बांधला होता आणि मूठ मिटू दिली नाही. मंडळी मनापासून आभार, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मीठही बदललं.

आता बाकीचं सोमवारी डॉक्टरांना दाखवते. एचबीए१सी ६.२ म्हणजे प्रीडायबेटीस ना? आईने सकाळपासून साखर सोडलीये, चहा सुद्धा बिनसाखरेचा. आणि थायरॉईडची गोळी सुरू होणार का?

रानजाई

थायरॉईडचं माझ्या अनुभवावरून. ५.८ हा थोडासाच वाढलेला आहे, माझ्या डॉक्टरांनी अशा वेळी काही आठवड्यांनी टीएसएच, फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) आणि अँटिबॉडी परत बघून मगच ठरवलं. टीएसएच दिवसभरात सुद्धा बदलतं, रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. त्यामुळे दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्यायचं. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यायची, आणि डोस बदलला की सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय परत टेस्ट करण्यात अर्थ नसतो.

केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का कुणी? ते लॅबला नक्की सांगा. थायरॉईडच्या बऱ्याच टेस्टच्या पद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं, बाहेरून जास्त डोस घेतला तर टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. माझ्या मैत्रिणीला यावरूनच थायरॉईड वाढलाय म्हणून गोळ्या सुरू होणार होत्या. निदान दोन दिवस आधी बंद करतात, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी.

मायक्रोस्कोप

आबोली, पोटॅशियमचं बरं झालं. पण आता मला ज्या आकड्याची जास्त काळजी वाटते तो तुम्ही विचारलेलाच नाही. हिमोग्लोबिन ९.४ आणि एमसीव्ही ७१.

आधी एचबीए१सी. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ही टेस्ट मोजते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटीस, ६.५ पासून डायबेटीस. पण हे लाल पेशी नॉर्मल असतील तर. लोह कमी असलं की एचबीए१सी शुगर न वाढता सुद्धा वर सरकू शकतं. उलट रक्तस्राव होऊन गेला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून आईंच्या बाबतीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर बघितल्याशिवाय ६.२ ला नाव देऊ नका. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. साखर सोडली तर नुकसान काहीच नाही, पण प्रश्न तिकडे नसावा असं मला वाटतं.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो लहान असण्याची आपल्याकडे दोन मोठी कारणं, लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष). तुमच्या रिपोर्टमधे आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) किती आहे? आणि आईंचा जुना कुठलाही सीबीसी सापडेल का? दहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल.

पानगळ

थॅलेसेमिया मायनरवाली मी आहे इथे. लहानपणापासून हिमोग्लोबिन १० च्या आसपास, प्रत्येक डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या, वर्षानुवर्षं खाल्ल्या, पोट बिघडायचं आणि आकडा हलायचा नाही. लग्नानंतर एका डॉक्टरांनी आरबीसी काउंट बघितला, तो ५.६ होता, म्हणाल्या इतक्या कमी हिमोग्लोबिनला पेशींची संख्या एवढी जास्त कशी? मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी टेस्ट) केलं, त्यात एचबीए२ हा प्रकार वाढलेला निघाला. नवऱ्याचीही लगेच टेस्ट करायला लावली, तो नॉर्मल आहे. दोघेही मायनर असते तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर (गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के. मुलामुलींची लग्नं ठरवताना पत्रिका बघतात तर हा एक कागदही बघा, अगदी कळकळीने सांगतेय.

सातपुडा

आमच्याकडे नंदुरबारमधे तोच मुद्दा सिकलसेलचा, हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. इथे आणि तिकडे गडचिरोली, विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, त्यांच्या बाबतीत एचबीए१सी वर विसंबता येत नाही, आमचे डॉक्टर उपाशीपोटीची शुगरच धरतात. सिकलसेलची पहिली सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी वाहक की पेशंट ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तो पुढचा रिपोर्ट घ्यायला लोक परत येतच नाहीत, मजुरीला बाहेरगावी गेलेले असतात, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. आता आम्ही सॅम्पल घेतानाच दोन फोन नंबर घेतो, एक त्यांचा आणि एक गावातल्या आशाताईंचा.

शहरातल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, सरकारी केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात महालॅब योजनेतून बऱ्याच टेस्ट फुकट होतात. सीबीसी, शुगर, थायरॉईड, किडनी, लिव्हर सगळं होतं. मात्र तिथल्या डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. मोबाईल नंबर नीट लिहून द्या, चुकीच्या नंबरमुळे रिपोर्ट पोचत नाहीत.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे एप्रिल २०२१ पासून रिपोर्ट तयार झाला की तो पेशंटपासून अडवून ठेवता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी आपल्याच फोनवर येतो. हक्क म्हणून मला ते पटतं. पण माझ्या शेजारणीने बायोप्सीचा निकाल शुक्रवारी संध्याकाळी दुकानात रांगेत उभं असताना वाचला. तेव्हापासून मी टेस्ट लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारते, रिपोर्टमधे काय आलं तर तुम्ही फोन करणार आणि काय आलं तर मी करायचा.

परदेशात राहून आईवडिलांचे रिपोर्ट बघणाऱ्यांनी युनिट जपा. अमेरिकेत आणि भारतात शुगर मिलिग्राममधे असते, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मिलिमोलमधे, १८ ने गुणलं की आपला आकडा. व्हिटॅमिन डी तिकडे नॅनोमोलमधे येतं, त्याला २.५ ने भागायचं. लंडनच्या चुलतभावाला ४० आलं म्हणून तो खूश होता, आपल्या हिशोबाने ते १६.

ताकभात

एक प्रश्न, बायोप्सीला इतके दिवस का लागतात? काकांची बायोप्सी होऊन आठवडा झाला, लॅब म्हणते "अजून एक टेस्ट लावलीय". लपवतायत का काही?

मायक्रोस्कोप

लपवत नाहीत हो, निश्चिंत राहा. तुकडा आधी फॉर्मलिनमधे मुरवावा लागतो, मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढून रंग देतात, मग डॉक्टर बघतात. यातच दोन-चार दिवस जातात. कुठल्या प्रकारची गाठ हे नेमकं ठरवायला आयएचसी नावाचे खास रंग लागले तर आणखी काही दिवस. घाई करून चुकीचं नाव दिलं तर उपचारच चुकतात.

आपल्याकडे ऑपरेशननंतर तुकड्याची बाटली नातेवाईकांच्याच हातात देतात, म्हणून लिहितो. तुकडा फॉर्मलिनमधे पूर्ण बुडालेला हवा, सलाईनमधे किंवा नुसत्या पाण्यात नाही. बाटलीवर नाव आणि अवयव लिहिलेला हवा. फ्रीजमधे ठेवू नका, त्याच दिवशी लॅबला पोचवा. आणि रिपोर्टबरोबर स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक मिळतात का ते विचारा. पुढे टाटा हॉस्पिटलला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला गेलात तर ते नुसता कागद बघून थांबत नाहीत, स्लाईड आणि ब्लॉक मागतात.

कागदपत्रे

रिपोर्ट मिळण्याच्या हक्काबद्दल लिहितो, वकील नाही पण रुग्णहक्काच्या कामात आहे.

रिपोर्टवर सही कुणाची आहे ते बघा. डिसेंबर २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर नोंदणीकृत आणि पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी. टेक्निशियन टेस्ट करतात आणि बरेच जण उत्तम करतात, पण रिपोर्टची जबाबदारी डॉक्टरची. सहीखाली नोंदणी क्रमांक असतो, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर नाव शोधता येतं. एनएबीएलचा (लॅबचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) लोगो असेल तर तो लॅबच्या सगळ्या टेस्टला लागू असतो असं नाही, ठरावीक टेस्टला मिळतो, रिपोर्टवर खुणा करून कुठली टेस्ट त्यात नाही ते लिहिलेलं असतं.

हॉस्पिटलमधे भरती असाल तर कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. लेखी मागा आणि पोच घ्या. बिल बाकी आहे म्हणून रिपोर्ट अडवतात, तिथेही लेखीच मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत टेस्ट कुठे करायची ते निवडायचा हक्कही आहे, म्हणजे "आमच्याच लॅबमधून करा" अशी सक्ती करता येत नाही.

आणि एचआयव्हीची टेस्ट पॅकेजमधे न सांगता करणं चालत नाही. २०१७ च्या कायद्याने संमती आणि आधी-नंतर समुपदेशन लागतं, तो निकाल फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करणं तर दूरच.

आबोली (सोमवार, रात्री ९.०५)

मायक्रोस्कोप डॉक्टर, आरबीसी ४.१ आहे. आणि कपाटातल्या फाईलमधे चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेला सीबीसी सापडला, हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही ८६.

आमचे डॉक्टर तो जुना कागद बघून एकदम गंभीर झाले. म्हणाले थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, चार वर्षांपूर्वी पेशी नॉर्मल होत्या म्हणजे हे नंतर झालंय. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करायला लावलं, संध्याकाळी आलं, फक्त ६. पाळी थांबून बारा वर्षं झालेल्या बाईचं लोह कुठेतरी जातंय, ते कुठे हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देऊन सोडणार नाही म्हणाले. शौचाचा रंग काळा होतो का, वजन उतरलंय का, जेवणात काय असतं, सगळं विचारलं. आई गुडघ्यासाठी पेनकिलर घेते, रोज नाही पण बरेचदा, हे कुठल्याच डॉक्टरला सांगितलेलं नव्हतं तिने. त्या गोळ्या बंद केल्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणीने बघणार. शुगर उपाशीपोटी ९४, जेवणानंतर १२८. थायरॉईड दोन महिन्यांनी परत. व्हिटॅमिन डीची आठवड्याची गोळी दिली.

गुरुवारी स्कोपीची तारीख ठरवायची आहे. लोहाची गोळी आज सुरू केलीये. आई घाबरलीये थोडी.

खेड्यातला डॉक्टर

तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. या वयात लोह कमी निघालं की पोट बघायचंच असतं. बहुतेक वेळा अल्सर, मूळव्याध, जंत, पेनकिलरने झालेली जखम असं बरं होणारं काहीतरी निघतं. गाठ निघाली तरी लवकर सापडलेली बरी. शौचातल्या रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून स्कोपी टाळू नका, रक्त थांबून थांबून जात असेल तर ती टेस्ट चुकते. आईंना सांगा, झोपेचं औषध देऊन करतात, त्रास फारसा होत नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, खरा कंटाळा त्याचाच.

मायक्रोस्कोप

एक महत्त्वाचं. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं आणि आतड्याला चिकटून राहतं, खालून बघताना नीट दिसत नाही. म्हणून साधारण आठवडाभर आधी ती बंद करायला सांगतात. गुरुवारी तारीख घेताना गोळी सुरू असल्याचं त्यांना सांगा आणि कधी बंद करायची ते विचारा. आईंना रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही चालू असेल तर तेही सांगायचं, स्वतःहून बंद मात्र करू नका. बाकी गोळी चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही, मधे तास-दोन तास अंतर ठेवा.

तुकडा घेतला तर त्याची पावती जपून ठेवा.

आबोली

अ‍ॅस्पिरिन नाही. चहाबरोबरच घेतली आज तिने, उद्यापासून दुपारी देते. गुरुवारी जाताना जुना आणि नवा दोन्ही सीबीसी, फेरिटिन, बीपीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं सगळं एका पिशवीत घातलंय. आणखी काही न्यावं लागेल का?

सातपुडा

ताई, स्कोपीच्या दिवशी बरोबर कुणीतरी असू दे, झोपेच्या औषधानंतर एकटीला सोडत नाहीत. आणि तुकडा घेतला तर रिपोर्ट कुणाच्या नंबरवर पाठवायचा ते तिथेच सांगून ठेवा, आईंच्या की तुमच्या.